लाइव्ह लिनक्स सुरू होतं, पण डेस्कटॉप का येत नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला नियमित मोफत अपडेट्स मिळणं थांबलं. विंडोज ११ चालवायला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसणारा प्रोसेसर लागतो. आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या आणि अजून धडधाकट असलेल्या बऱ्याच संगणकांकडे यातलं काहीतरी कमी पडतं. शाळेची लॅब असो की गावातलं वाचनालय, असे दहा-वीस संगणक हाताशी असले की कोणीतरी सुचवतंच: पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवा.

सूचना चांगली आहे. तयार आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) उतरवून पेनड्राइव्हवर घातली तर बहुतेक वेळा काहीच अडत नाही. पुढची हौस मात्र अडवते. आपल्याला हवी तेवढीच सॉफ्टवेअर, मराठी फॉन्ट, नको ते वगळलेलं अशी स्वतःची लाइव्ह प्रणाली बनवायला घेतली, की ती सुरू होते, अक्षरं भराभर वर सरकतात आणि शेवटी काळ्या पडद्यावर 'लॉगिन' हा शब्द व लुकलुकणारा कर्सर उरतो. माउस हलवून उपयोग नाही, खिडकी उघडायला जागा नाही. यात मोडलेलं काही नसतं. प्रणालीला जेवढं सांगितलं होतं तेवढं तिने केलेलं असतं.

उरलेलं कसं सांगायचं, ते इथे डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराची १३ वी, म्हणजे 'ट्रिक्सी' ही आवृत्ती धरून पाहू. आज्ञा आणि फायलींची नावं लेखात उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत घ्यायची. मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे. एक गोष्ट आधीच तपासा: ट्रिक्सीमध्ये ३२-बिट पीसीसाठी कर्नलच नाही. ६४-बिट प्रोसेसर नसलेल्या फार जुन्या संगणकांना ही वाट बंद आहे.

लाइव्ह प्रणालीच्या पोटात काय असतं

लाइव्ह प्रणाली म्हणजे हार्डडिस्कवर काहीही न बसवता थेट सीडी किंवा पेनड्राइव्हवरून चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम. क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याने २००० साली काढलेल्या 'क्नॉपिक्स'ने ही कल्पना लोकप्रिय केली. सीडी घाला, संगणक चालू करा, डेस्कटॉप हजर. आज सहज वाटणाऱ्या त्या 'हजर'मागे बरीच जुळवाजुळव असते.

आयएसओमध्ये मुख्य ऐवज तीन. पहिला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. दुसरा इनिट-आरडी: कर्नलसोबत रॅममध्ये चढणारी छोटी तात्पुरती प्रणाली, जिचं काम खरी प्रणाली शोधून काढणं एवढंच. तिसरा स्क्वॅश-एफएस: दाबून बसवलेली एक मोठी फाइल, जिच्यात अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम असते. ही फाइल फक्त वाचता येते, तिच्यात लिहिता येत नाही.

पण चालत्या प्रणालीला सतत काहीतरी लिहावं लागतं. म्हणून स्क्वॅश-एफएसवर रॅममधला एक कोरा थर चढवला जातो. एखादी फाइल बदलली की बदललेली प्रत त्या थरात जाते, आणि वाचताना आधी वरचा थर व मग खालचा पाहिला जातो. याला ओव्हरले म्हणतात. संगणक बंद केला की वरचा थर पुसला जातो आणि पुढच्या वेळी प्रणाली पुन्हा ताजी.

या थराचा आकार मुळात रॅमच्या निम्मा असतो. ४ जीबी रॅम असेल तर सुमारे २ जीबी. आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण थर भरला तर डेस्कटॉप सुरू होता होता परत फिरतो आणि कारण चटकन कळत नाही.

बटण दाबल्यापासून काळ्या पडद्यापर्यंत

संगणकाचं फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेला प्रोग्राम, पेनड्राइव्हवरचा बूटलोडर शोधतं. बूटलोडर कर्नल आणि इनिट-आरडी रॅममध्ये चढवतो आणि कर्नलला एक ओळ देतो, तिला कर्नलची आज्ञा-ओळ म्हणू. इनिट-आरडी स्क्वॅश-एफएस शोधून त्यावर ओव्हरले चढवतं आणि मग सूत्रं 'सिस्टमडी'कडे जातात. प्रणालीतला हा पहिला प्रोग्राम. बाकी सगळी कामं कोणत्या क्रमाने सुरू करायची ते तो ठरवतो.

सिस्टमडीच्या भाषेत मुक्कामाला 'टार्गेट' म्हणतात. टार्गेट म्हणजे नाटकाची घंटा समजा. घंटा स्वतः दिवे लावत नाही की नेपथ्य उभं करत नाही. पण ती वाजली म्हणजे अमुक मंडळी तयार असायला हवीत, असा संकेत असतो. 'मल्टी-युजर' टार्गेट ही दुसरी घंटा: नेटवर्क, नोंदी, अक्षरी लॉगिन सगळं तयार. 'ग्राफिकल' टार्गेट ही तिसरी. आता पडदा वर. मात्र तिसरी घंटा झाली आणि नटच आलेले नसतील, तर प्रेक्षकांना रिकामा रंगमंच दिसणार.

आपल्या काळ्या पडद्याचं कारण बहुधा हेच असतं. इंटरनेटवर जागोजागी सल्ला मिळतो की 'सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट ग्राफिकल डॉट टार्गेट' ही आज्ञा द्या. डेबियनमध्ये मुळातच ग्राफिकल टार्गेट ठरलेलं असतं, अगदी डेस्कटॉप नसलेल्या सर्व्हरवरसुद्धा. घंटा आधीच वाजते आहे. ती पुन्हा वाजवून नट येणार नाहीत. कोणी मुद्दाम मल्टी-युजर करून ठेवलं असेल तरच या आज्ञेचा उपयोग.

डेस्कटॉप कोणाचा?

लिनक्सवर चालणारा प्रत्येक प्रोग्राम कोणाच्या तरी नावावर चालतो. वेबसर्व्हरसारख्या सेवांची स्वतःची खाती असतात, प्रणालीची कामं 'रूट' म्हणजे सर्वाधिकारी खात्यावर चालतात, आणि डेस्कटॉप चालतो समोर बसलेल्या माणसाच्या नावावर. खालची पट्टी, खिडक्यांच्या चौकटी, फाइल उघडणारा प्रोग्राम हे सगळे त्याच्या खात्यावर चालतात आणि त्याच्याच होम फोल्डरमधल्या आवडीनिवडी वाचतात.

त्या माणसाने लॉगिन केलं की प्रणालीत त्याचं एक 'सेशन' नोंदलं जातं. नोंद ठेवतो सिस्टमडीचाच 'लॉगइंड' हा भाग. पडदा, कीबोर्ड, माउस, आवाज यांचा ताबा आत्ता कोणाकडे, पेनड्राइव्ह जोडायची परवानगी कोणाला, बंद करण्याचं बटण कोणाचं चालेल, हे या नोंदीवरून ठरतं.

डेस्कटॉप आपोआप सुरू करणं म्हणजे खरं तर लॉगिन आपोआप करणं. लॉगिन झालं की डेस्कटॉप त्याच्या मागून येतो. ही गोष्ट बाजूला ठेवून पडदाच सुरू करायच्या मागे लागलं की पुढचे सगळे घोटाळे होतात.

लॉगिनचा चित्रमय पडदा दाखवून, ओळख पटवून सेशन सुरू करणाऱ्या प्रोग्रामला डिस्प्ले मॅनेजर म्हणतात. एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसोबत डेबियन 'लाइटडीएम' देतं, ग्नोमसोबत 'जीडीएम', केडीई आणि एलएक्सक्यूटीसोबत 'एसडीडीएम'. हेच ते तिसऱ्या घंटेला हजर असायला हवेत ते नट.

मग बूट होतानाच एक आज्ञा चालवून का भागत नाही?

ही शंका हमखास येते. 'स्टार्टएक्स' आज्ञेने डेस्कटॉप येतो ना? मग ती 'आरसी डॉट लोकल'मध्ये, म्हणजे बूट होताना चालणाऱ्या फाइलमध्ये टाकली की झालं.

ती फाइल रूटच्या नावावर चालते आणि तिथे कोणीही लॉगिन केलेलं नसतं. लॉगइंडकडे सेशनची नोंद नाही, त्यामुळे पडदा कधीकधी येतोही, पण आवाज नसतो, पेनड्राइव्ह जोडला की परवानगी नाकारली जाते, मेन्यूतलं बंद करण्याचं बटण मुकं असतं. शिवाय ब्राउझरसकट सगळं रूटच्या अधिकारात चालतं. एखादी वाईट वेबसाइट उघडली तर तिच्यापुढे अख्खी यंत्रणा मोकळी. क्रोमियमसारखा ब्राउझर तर रूटच्या नावावर सुरूच व्हायला नकार देतो.

फायलींच्या मालकीचाही गोंधळ होतो. रूटने वापरकर्त्याच्या होममध्ये लपलेली 'डॉट एक्सऑथॉरिटी' (एक्स मोठा) फाइल तयार केली, की नंतर त्या वापरकर्त्याला ती लिहिता येत नाही. मग तो बरोबर लॉगिन करतो आणि क्षणात पुन्हा लॉगिनच्याच पडद्यावर येतो.

घडवायला घेऊ: लाइव्ह-बिल्ड

डेबियनवर स्वतःची लाइव्ह प्रणाली बनवायचं साधन म्हणजे 'लाइव्ह-बिल्ड' हे पॅकेज. ते बसवा, रिकामा फोल्डर करा आणि त्यात जा. फोल्डर लिनक्सच्या ईएक्सटी४ विभाजनावरच असू द्या. एनटीएफएस किंवा एक्सफॅट डिस्कवर लिनक्सच्या मालकी-परवानग्या नीट बसत नाहीत आणि बांधणी मध्येच कोसळते. पंधरा-वीस जीबी मोकळी जागा असली की चिंता नाही.

पहिली आज्ञा 'एलबी कॉन्फिग'. तिच्यासोबत दोन पर्याय द्या. 'डिस्ट्रिब्युशन'ला 'ट्रिक्सी', आणि 'आर्काइव्ह-एरियाज'ला अवतरणचिन्हांत चार नावं: 'मेन', 'कॉन्ट्रिब', 'नॉन-फ्री' आणि 'नॉन-फ्री-फर्मवेअर'. चौथं नाव डेबियन १२ पासून आलं. वायफाय आणि ग्राफिक्स चिपना लागणारी बंदिस्त फर्मवेअर तिथे असतात. ते गाळलं तर तुमच्या लॅपटॉपवर चालणारी आयएसओ शेजारच्या संगणकावर वायफायविना उठते.

आता 'कॉन्फिग' फोल्डरमध्ये 'पॅकेज-लिस्ट्स' नावाचा फोल्डर दिसेल. त्यात 'डेस्कटॉप डॉट लिस्ट डॉट सीएचरूट' अशी फाइल करून तिच्यात एकच ओळ लिहा: 'टास्क-एक्सएफसीई-डेस्कटॉप'. या एका नावामागोमाग डेस्कटॉप, पडदा चालवणारा 'एक्सऑर्ग' आणि लाइटडीएम सगळे येतात. मग रूट अधिकाराने 'एलबी बिल्ड'. इंटरनेटच्या वेगाप्रमाणे अर्धा तास ते दोन-तीन तास धरा. शेवटी 'लाइव्ह-इमेज-एएमडी६४ डॉट हायब्रिड डॉट आयएसओ' हाती येते. काही बदलून पुन्हा बांधायचं असेल तर आधी 'एलबी क्लीन'. ते विसरलं की जुनंच काहीतरी शिल्लक राहतं.

एवढंच केलं तरी ही आयएसओ थेट डेस्कटॉपवर उठते. ऑटोलॉगिनची एक ओळही आपण लिहिलेली नाही. मग लॉगिन केलं कोणी?

आज्ञा-ओळीतला 'कम्पोनंट्स'

ते काम 'लाइव्ह-कॉन्फिग' या पॅकेजचं. लाइव्ह-बिल्ड ते आपणहून घालतं. प्रत्येक बूटला ते 'युजर' नावाचं खातं तयार करतं, त्याचा पासवर्ड 'लाइव्ह' ठेवतं, लाइटडीएम दिसलं तर त्याच्या सेटिंगमध्ये ऑटोलॉगिनसाठी हेच नाव लिहितं आणि अक्षरी पडद्यांवरही याच नावाने आपोआप लॉगिन लावतं.

पण कर्नलच्या आज्ञा-ओळीत 'कम्पोनंट्स' हा शब्द असला तरच ते जागं होतं. लाइव्ह-बिल्डच्या मूळ ओळीत 'बूट=लाइव्ह कम्पोनंट्स क्वायट स्प्लॅश' असतं. लोक 'बूटअपेंड-लाइव्ह' या पर्यायाने ही ओळ बदलायला जातात, भाषा किंवा वेळेचा विभाग लिहितात आणि 'कम्पोनंट्स' गळतो. लाइव्ह-कॉन्फिग झोपून राहतं. खातं तयार होत नाही, ऑटोलॉगिन नाही, आणि लॉगिनच्या पडद्यावर टाकायला नावच नसतं. असा पडदा दिसला तर आधी हा शब्द शोधा.

दुसरा खड्डा काटकसरीचा. आयएसओ लहान व्हावी म्हणून 'एपीटी-रेकमेंड्स' हा पर्याय 'फॉल्स' केला जातो, म्हणजे शिफारस असलेली पण सक्तीची नसलेली पॅकेजेस येत नाहीत. 'युजर-सेटअप' आणि 'सुडो' ही दोन त्यातच जातात. पहिलं नसेल तर खातं तयार करता येत नाही, दुसरं नसेल तर रूटचे अधिकार मिळत नाहीत. काटकसर करायचीच असेल तर ही दोन नावं पॅकेज-यादीत हाताने लिहा. लॉगइंडकडे सेशन नोंदवणारं 'लिबपॅम-सिस्टमडी' आणि लाइटडीएमचा पडदा रंगवणारं 'लाइटडीएम-जीटीके-ग्रीटर' हीसुद्धा आली आहेत ना, ते पाहा. आकार थोडा वाढला तरी चालेल, पण सुरुवातीला शिफारशी चालूच ठेवाव्यात हे माझं स्पष्ट मत आहे. सगळं चालू लागलं की मग एकेक काढत जावं.

'युजर' ऐवजी दुसरं नाव हवं, समजा 'वाचक', तर लाइटडीएमची फाइल उघडू नका. आज्ञा-ओळीत 'युजरनेम=वाचक' लिहा. लाइटडीएम आधी 'लाइटडीएम डॉट कॉन्फ डॉट डी' फोल्डरांमधल्या फायली वाचतं आणि सगळ्यात शेवटी मुख्य 'लाइटडीएम डॉट कॉन्फ'. शेवटी वाचलेलं खरं धरलं जातं. लाइव्ह-कॉन्फिग नेमकं त्या मुख्य फाइलमध्ये लिहितं, त्यामुळे फोल्डरात तुम्ही लिहिलेलं नाव मागे पडतं.

लाइव्ह-कॉन्फिग वापरायचंच नसेल आणि खातं बांधणीतच तयार केलेलं असेल, तर मात्र ती फाइल तुम्हालाच लिहावी लागेल. चौकटी कंसात 'सीट', अपूर्णविराम आणि तारांकन असं शीर्षक (एस मोठा), त्याखाली 'ऑटोलॉगिन-युजर' आणि 'ऑटोलॉगिन-युजर-टाइमआउट=०', आणि 'युजर-सेशन=एक्सएफसीई'. हे शेवटचं नाव मनाने लिहू नये. 'यूएसआर' खालच्या 'शेअर'मधल्या 'एक्ससेशन्स' फोल्डरात जी डेस्कटॉप-फाइल असेल तिचं, शेपूट काढून उरलेलं नाव तंतोतंत हवं. आणि तिथे रूटचं नाव घालू नका. डेबियनमध्ये लाइटडीएमच्या ऑटोलॉगिनला रूट चालत नाही, नियमच तसा लिहिलेला आहे.

वापरकर्त्याच्या आवडीनिवडी कुठे ठेवायच्या?

डेस्कटॉपवर वाचनालयाचं चित्र हवं, ब्राउझर आपोआप उघडायला हवा. साहजिकच माणूस 'होम' खाली 'युजर' नावाचा फोल्डर करून त्यात फायली ठेवतो. बूट झाल्यावर एकतर त्या दिसत नाहीत किंवा मालकी चुकीची असल्याने डेस्कटॉप अडखळतो.

बांधणीच्या वेळी 'युजर' हा माणूस जन्मलेलाच नसतो. तो बूट होताना तयार होतो, आणि नव्या खात्याचं होम 'ईटीसी' खालच्या 'स्केल' फोल्डरातल्या नमुन्यावरून भरलं जातं. तेव्हा फायली तिथे ठेवायच्या: 'कॉन्फिग' फोल्डरातल्या 'इन्क्लूड्स डॉट सीएचरूट'मध्ये ईटीसी, त्यात स्केल. होममध्ये जी रचना हवी ती तिथे तशीच उभी करा. मालकी आपोआप बरोबर लागते.

बांधताना काही आज्ञा चालवायच्या असतील तर त्यांना 'हुक' म्हणतात. हुकमध्ये 'सिस्टमसीटीएल एनेबल' चालतं, कारण ते नुसते दुवे तयार करतं. 'सिस्टमसीटीएल स्टार्ट' चालत नाही. बांधणीच्या खोलीत सिस्टमडी जिवंत नसतो, सेवा सुरू करणार कोण?

डिस्प्ले मॅनेजरचं ओझं नको असेल तर

१ जीबी रॅमच्या संगणकावर लाइटडीएमही काढावासा वाटतो. दुसरी वाट आहे: पहिल्या अक्षरी पडद्यावर आपोआप लॉगिन आणि तिथून स्टार्टएक्स. इथेही लॉगिन होतंच, फक्त दार वेगळं.

अक्षरी पडद्यावरचं लॉगिन 'गेटी' नावाची सेवा पाहते. लाइव्ह-कॉन्फिग चालू असेल तर तिथलं ऑटोलॉगिन आयतंच असतं. नसेल तर 'गेटी@टीटीवाय१'साठी पुरवणी-फाइल लिहावी लागते. तिच्यात 'एक्झेकस्टार्ट=' ही ओळ (पहिला ई आणि एस मोठा) दोनदा येते: आधी बरोबरच्या चिन्हापुढे काहीही न लिहिता, मग खालच्या ओळीत 'एगेटी'ची 'ऑटोलॉगिन' पर्यायासह पूर्ण आज्ञा. रिकामी ओळ टंकलेखनाची चूक समजून खोडू नका. ती जुनी आज्ञा पुसते. ती नसेल तर दोन आज्ञा झाल्या म्हणून सिस्टमडी सेवाच नाकारतो.

मग स्केलमधल्या 'डॉट प्रोफाइल' फाइलच्या शेवटी अट घाला: 'डिस्प्ले' हे चल (सगळी मोठी अक्षरं) रिकामं असेल आणि आपण पहिल्याच पडद्यावर, म्हणजे 'टीटीवाय१'वर असू, तरच 'एक्झेक स्टार्टएक्स'. दोन्ही अटी हव्यात. पहिली नसेल तर डेस्कटॉपच्या आत तीच फाइल वाचली गेल्यावर दुसरा डेस्कटॉप सुरू व्हायला बघतो. दुसरी नसेल तर दुरुस्तीसाठी दुसरा अक्षरी पडदा उघडला की तोही डेस्कटॉप मागतो, आणि दुरुस्ती करायला जागाच उरत नाही. 'बॅश-प्रोफाइल' नावाची वेगळी फाइल केली तर बॅश, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, 'डॉट प्रोफाइल' वाचतच नाही, हेही ध्यानात ठेवा. पॅकेजांमध्ये 'एक्सइनिट' लागेल, आणि 'डॉट एक्सइनिटआरसी' फाइलमध्ये 'एक्झेक स्टार्टएक्सएफसीई४' ही एक ओळ.

पण ही वाट जुन्या संगणकांसाठी सुचवली जाते, आणि नेमकी तिथेच ती दगा देऊ शकते. लाइटडीएम एक्सऑर्गला रूटच्या अधिकारात चालवतं. स्टार्टएक्स ते वापरकर्त्याच्या अधिकारात चालवतं. ग्राफिक्स चिपचा नीट ड्रायव्हर कर्नलमध्ये असेल तर फरक पडत नाही. तो नसेल आणि 'नोमोडसेट' हा शब्द घालून साध्या ड्रायव्हरवर भागवावं लागलं, तर वापरकर्त्याच्या अधिकारातला एक्सऑर्ग हार्डवेअरला हात लावू शकत नाही आणि लगेच बंद पडतो. 'एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-लेगसी' हे पॅकेज घालून बहुधा सुटतं. जातकुळी माहीत नसलेल्या निरनिराळ्या संगणकांवर एकच पेनड्राइव्ह फिरवायचा असेल, तर लाइटडीएमच बरं.

वेलँडचं काय?

एक्सऑर्गची जागा घेणारी नवी पद्धत म्हणजे वेलँड. ग्नोम आणि केडीई मुळात तिच्यावरच उठतात. विचार तोच राहतो, लॉगिन आपोआप करा. फाइल फक्त जीडीएम किंवा एसडीडीएमची. पडद्यावर एकच प्रोग्राम दाखवायचा असेल, समजा वाचनालयाची पुस्तकसूची, तर 'केज' नावाचा छोटा वेलँड प्रोग्राम पुरतो.

पडदा काळाच राहिला तर

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ एकत्र दाबा. अक्षरी पडदा आला तर प्रणाली जिवंत आहे आणि अडचण फक्त शेवटच्या टप्प्यात आहे. तिथे 'सिस्टमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर' विचारा. अशी सेवाच नाही म्हणाला, तर डिस्प्ले मॅनेजर आलेलाच नाही, पॅकेज-यादी पाहा. सेवा आहे पण फसलेली आहे, तर 'जर्नलसीटीएल'ला डॅश-बी आणि डॅश-यू लाइटडीएम देऊन नोंद वाचा. सेवा चालू आहे आणि पडदा काळा, तर 'व्हार' खालच्या 'लॉग'मधली 'एक्सऑर्ग डॉट ० डॉट लॉग' (एक्स मोठा) उघडा आणि कंसात मोठे ईई असलेल्या ओळी शोधा. दुखणं बहुधा तिथेच लिहिलेलं असतं.

अक्षरी पडदाही येत नसेल, तर बूटलोडरच्या मेन्यूत आज्ञा-ओळ संपादित करून 'क्वायट' आणि 'स्प्लॅश' काढा, 'नोमोडसेट' घाला. यावर उठलं तर बहुधा ग्राफिक्सचं फर्मवेअर राहिलं आहे. एएमडीच्या चिपसाठी 'फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स' हे पॅकेज. नोमोडसेट हा तात्पुरता टेकू. कायम ठेवला तर पडदा कमी रेझोल्यूशनवर आणि संथ चालतो.

एक वेगळाच प्रकार म्हणजे दहापैकी सात वेळा डेस्कटॉप येतो, तीन वेळा येत नाही. वेगवान एसएसडीवर हा जास्त दिसतो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर तयार व्हायच्या आधीच लाइटडीएम सुरू होतं आणि हार मानतं. लाइटडीएमच्या सेटिंगमध्ये 'लॉगइंड-चेक-ग्राफिकल=ट्रू' असेल तर ते पडदा तयार होईपर्यंत थांबतं. बूटमध्ये कुठेतरी पाच सेकंदांचा 'स्लीप' घालणारे खूप आहेत. तो एका संगणकावर पुरतो, दुसऱ्यावर कमी पडतो.

लॉगिन करून पुन्हा लॉगिनवरच येत असाल तर तीन गोष्टी, याच क्रमाने: 'डीएफ डॅश-एच'ने ओव्हरले भरलाय का, होममधल्या फायलींचा मालक कोण, आणि सेशनचं नाव बरोबर आहे का. होममधली 'डॉट एक्ससेशन-एरर्स' फाइल उरलेलं सांगते.

तपासणी आधी 'क्यूईएमयू' या आभासी संगणकात २०४८ एमबी रॅम देऊन करा, पेनड्राइव्ह लिहीत बसण्याचा वेळ वाचतो. फर्मवेअरच्या चुका मात्र आभासी संगणकात दिसतच नाहीत. शेवटची चाचणी खऱ्या यंत्रावर, आणि जमल्यास एक इंटेल व एक एएमडी अशा दोन यंत्रांवर.

पासवर्डशिवाय लॉगिन धोक्याचं नाही का?

पेनड्राइव्हवर कोणाचंच काही साठत नसेल तर फारसं नाही. बंद केलं की सगळं पुसलं जातं. पण 'युजर' खात्याला पासवर्ड न विचारता सुडो मिळतं, आणि त्याने संगणकातली आतली हार्डडिस्क उघडता, अगदी पुसताही येते. लॅबमध्ये आतल्या डिस्कवर कोणाचं काम असेल तर लाइव्ह-कॉन्फिगचा 'नोरूट' हा शब्द आज्ञा-ओळीत घाला. तो सुडोची वाट बंद करतो. बूटलोडरच्या मेन्यूत ओळ बदलू शकणारा माणूस तो शब्द काढूही शकतो, तेव्हा डिस्क काढून ठेवणं सर्वांत पक्कं. उलट लॉगिनचा पडदा हवाच असेल तर 'नोऑटोलॉगिन'.

एक गंमत इथे हमखास घडते. ऑटोलॉगिन नीट चालतं, कोणी दहा मिनिटं उठून जातं, पडदा कुलूपबंद होतो आणि पासवर्ड विचारतो. पासवर्ड 'लाइव्ह' आहे हे कोणालाच माहीत नसतं. सामायिक संगणकासाठी स्क्रीन-लॉकरचं पॅकेजच वगळा, किंवा त्याची कुलपाची सेटिंग स्केलमधून बंद करा.

मराठीत उठवायचं असेल तर

आज्ञा-ओळीत 'लोकेल्स=एमआर_आयएन' (आयएन मोठ्या अक्षरांत) आणि 'टाइमझोन=एशिया/कोलकाता' (ए आणि के मोठे) लिहा. लोकेल म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग. मराठीच्या लोकेलमागे यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीची शेपटी जोडायची गरज नाही, ते मुळातच त्या पद्धतीचं आहे. पॅकेज-यादीत 'फॉन्ट्स-लोहित-देवा' किंवा 'फॉन्ट्स-नोटो-कोअर' हवंच, नाहीतर मेन्यूत अक्षरांऐवजी चौकोन दिसतील. कीबोर्डमध्ये अमेरिकन मांडणी पहिली आणि भारतीय दुसरी ठेवा. उलट केलं तर पासवर्ड विचारणाऱ्या चौकटीत रोमन अक्षरं उमटत नाहीत.

होममधल्या 'डेस्कटॉप', 'डाउनलोड्स' वगैरे फोल्डरांची नावंही लोकेलप्रमाणे बदलू शकतात. स्केलमध्ये 'डेस्कटॉप' (डी मोठा) नावाचा फोल्डर करून त्यात ठेवलेलं आयकॉन मग पडद्यावर येत नाही. ते शोधायला 'एक्सडीजी-युजर-डिर' ही आज्ञा आहे; नाव ठोकून लिहू नये.

काम टिकवणारा पेनड्राइव्ह

पेनड्राइव्हवर 'पर्सिस्टन्स' हे लेबल असलेलं ईएक्सटी४ विभाजन करून त्यात 'पर्सिस्टन्स डॉट कॉन्फ' नावाची फाइल ठेवली, तिच्यात तिरकी रेघ आणि 'युनियन' एवढी एक ओळ लिहिली आणि आज्ञा-ओळीत 'पर्सिस्टन्स' हा शब्द घातला, की ओव्हरलेचा वरचा थर रॅमऐवजी त्या विभाजनावर जातो. केलेलं काम टिकतं. सेटिंगही टिकतात, आणि अडचण तिथेच सुरू होते.

सहा महिन्यांनी तुम्ही सुधारलेली आयएसओ बांधता, पेनड्राइव्हवरचं विभाजन न पुसता नुसती प्रणाली बदलता आणि डेस्कटॉप जुनाच उठतो किंवा उठतच नाही. लाइटडीएमची जुनी फाइल वरच्या थरात बसलेली असते आणि ती तुमच्या नव्या फाइलला झाकते. नवीन स्केलचाही उपयोग होत नाही, कारण होम आधीच भरलेलं असतं. म्हणून पूर्ण '/' टिकवण्याऐवजी 'पर्सिस्टन्स डॉट कॉन्फ'मध्ये फक्त '/होम' लिहावं. मग प्रणाली प्रत्येक वेळी आयएसओतून ताजी येते आणि माणसाचं काम तेवढं राहतं. तरी डेस्कटॉप बिघडलाच, तर एकदा 'पर्सिस्टन्स' शब्द काढून बूट करा. तेव्हा नीट उठला, तर दोष होममध्ये आहे, आणि तिथल्या लपलेल्या 'डॉट कॉन्फिग' फोल्डरातल्या 'एक्सएफसीई४'चं नाव बदललं की डेस्कटॉप मूळ सेटिंगवर येतो. कागदपत्रांना धक्का लागत नाही.